शेवटची की कधी दाबली?

१९७९ साली अटारी कंपनीचे ४०० आणि ८०० हे दोन घरगुती संगणक अमेरिकेच्या बाजारात आले. ते घरातल्या टीव्हीला जोडून वापरायचे. त्या काळच्या पिक्चर ट्यूबची एक खोड होती. एकच स्थिर चित्र तासन्‌तास पडद्यावर राहिलं, तर काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर त्याचा डाग कायमचा बसायचा. मग बातम्या लावल्या तरी मागे खेळाचा गुणफलक पुसट दिसत राहायचा. पोरांनी खेळ अर्धवट टाकून जेवायला जायचं आणि भुर्दंड टीव्ही घेणाऱ्या बापानं सोसायचा, असा हा मामला.

अटारीच्या अभियंत्यांनी यावर सुटसुटीत तोडगा काढला. संगणकाच्या मेमरीतला ७७ क्रमांकाचा खण त्यांनी एका मोजणीसाठी राखून ठेवला. अमेरिकन टीव्ही सेकंदाला साधारण ६० वेळा पडदा रंगवायचा. असे २५६ फेरे झाले, म्हणजे सव्वाचार सेकंद गेले, की त्या खणातला आकडा एकनं वाढायचा. कीबोर्डवरची एखादी की दाबली की आकडा पुन्हा शून्य. कुणीच काही दाबलं नाही, तर नऊ मिनिटांच्या आसपास तो १२८ ला टेकायचा आणि मग पडद्यावरचे रंग मंद होऊन आपोआप बदलत राहायचे. डाग बसायचा प्रश्न मिटला.

पण अटारीवर मुलं खेळायची ती जॉयस्टिकनं, आणि जॉयस्टिक हलवल्यानं ७७ व्या खणातला आकडा शून्य होत नसे. त्यामुळे मुलगा जिवाच्या आकांतानं अवकाशयानं पाडत असताना, ऐन रंगात आलेल्या खेळात, पडद्याचे रंग बदलायला लागायचे. संगणकाच्या लेखी नऊ मिनिटांत तिथे कुणी फिरकलंच नव्हतं. म्हणून खेळ लिहिणाऱ्यांना मध्येमध्ये स्वतःच त्या खणात शून्य भरावं लागे. अटारीवर बेसिक भाषेत खेळ लिहिणाऱ्यांना ‘पोक ७७,०’ ही ओळ तोंडपाठ असायची.

तेव्हापासून यंत्रं हजारो पटींनी वेगवान झाली, पण ही अडचण होती तिथेच आहे. संगणकाला समोरचा माणूस दिसत नाही. त्याची अवस्था डोळ्यांवर पट्टी बांधून दाराशी बसवलेल्या वॉचमनसारखी आहे: कडी वाजली तर कुणीतरी आलं एवढं कळतं, वाजली नाही तर घरात कुणी नाही, की आत कुणी निवांत वाचत बसलं आहे, हे त्याला सांगता येत नाही. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमला ‘वापरणारा किती वेळ आयडल आहे’ असं विचारलं, तर तो प्रत्यक्षात एकच गोष्ट सांगू शकतो. शेवटची की दाबून किंवा माऊस हलवून किती वेळ झाला, ती. त्यापुढचा सगळा तर्क आपला.

हा तर्क करायची हौस मात्र जुनी आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७१ च्या सुमारास लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. एकाच मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनलं जोडलेली असायची. कोण कुठे बसलं आहे, आणि बसलं असेल तर शेवटचं कधी टाइप केलं, हे फिंगर सांगायचा. सहकारी जागेवर आहे की नाही हे कळायला त्याच्या खोलीपर्यंत चालत जायची गरज राहिली नाही. पुढे युनिक्समध्ये ‘डब्ल्यू’ या एका अक्षराच्या आज्ञेत हीच सोय आली. तिची युक्ती मला फार आवडते. युनिक्समध्ये टर्मिनलसुद्धा एक फाइलच असते आणि प्रत्येक फाइलवर ती शेवटची कधी वाचली गेली याची वेळ नोंदलेली असते. टाइप केलेलं अक्षर म्हणजे त्या फाइलचं वाचन. आत्ताच्या वेळेतून ती वेळ वजा केली की झालं. वेगळा मोजणीदार नेमायलाच नको.

आजच्या विंडोजमध्ये हे काम ‘गेटलास्टइनपुटइन्फो’ नावाचं फंक्शन करतं. विंडोज २००० पासून ते आहे. त्याला विचारलं की ते एक आकडा देतं: शेवटचा इनपुट आला तेव्हा संगणक सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले होते. आत्ता किती झाले आहेत हे दुसऱ्या फंक्शनला विचारायचं आणि वजाबाकी करायची. दोन ओळींचं काम.

या दोन ओळींत एक जुना सापळा दडलेला आहे. तो आकडा ३२ बिटांचा आहे. ३२ बिटांत सर्वांत मोठी मावणारी संख्या ४२९ कोटींच्या जरा वर जाते, आणि एवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस आणि साधारण १७ तास. त्यानंतर आकडा गुंडाळला जाऊन पुन्हा शून्यापासून सुरू होतो. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये याच कारणानं संगणक सलग ४९.७ दिवस चालू राहिला तर अडकून बसायचा, हे मायक्रोसॉफ्टनं १९९९ साली मान्य केलं. (त्या काळात विंडोज सलग सात आठवडे टिकणं हीच बातमी होती, म्हणून दोष इतक्या उशिरा सापडला असावा.) वजाबाकी बिनचिन्ह ३२ बिटांतच केली, तर गुंडाळीनंतरही उत्तर बरोबर येतं, हा त्या अंकगणिताचा गुणच आहे. पण डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंगच्या चौकटीत तोच आकडा चिन्हासकट मिळतो आणि २४.९ दिवसांनी ऋण होतो. ‘आयडल वेळ १० मिनिटांपेक्षा जास्त असेल तर लॉगआउट कर’ ही अट त्या आकड्यांवर निष्काळजीपणे लिहिली, तर महिनाभर नीट चाललेला प्रोग्रॅम एका सकाळी सगळ्यांना बाहेर काढतो, नाहीतर कुणालाच काढत नाही. संगणक बंद करून चालू केला की रोग बरा, म्हणून कारणही सापडत नाही.

दुसरा सापळा घड्याळाचा. काही जण शेवटच्या हालचालीची वेळ भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे स्थानिक वेळेत लिहून ठेवतात. भारतात घड्याळं मागे-पुढे होत नाहीत, त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात कितीही चाचण्या केल्या तरी यात खोट दिसत नाही. तोच प्रोग्रॅम लंडनच्या कार्यालयात गेला, की मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एकचे एकदम दोन वाजतात आणि रात्रपाळीला टाइप करत बसलेला माणूस त्या क्षणी तासभर आयडल ठरतो. वेळ मोजायची तर कधीच मागे न जाणाऱ्या, कुणालाही बदलता न येणाऱ्या घड्याळानं मोजावी. आणि ‘दर मिनिटाला एक’ असे आपल्याच टायमरचे ठोके मोजत बसू नये. लॅपटॉपचं झाकण मिटलं की ठोके थांबतात. रात्री मिटलेला लॅपटॉप सकाळी दुसऱ्याच कुणी उघडला, तर ठोके मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या मते मधे दोनच मिनिटं गेलेली असतात आणि सगळी खाती उघडी मिळतात.

हा आकडा किती वेळा विचारायचा? नवशिके दर सेकंदाला विचारतात. चालतं, पण झोपू पाहणाऱ्या प्रोसेसरला उगाच ढोसणं आहे ते. लॅपटॉपची बॅटरी अशाच लहानसहान ढोसण्यांनी संपते. शहाणा हिशेब असा: मर्यादा १० मिनिटांची आहे आणि आत्ता आयडल वेळ ४ मिनिटं निघाली, तर पुढची ६ मिनिटं विचारायचं कारणच नाही. माणसानं अजिबात हात लावला नाही तरी मर्यादा त्याआधी भरणार नाही. ६ मिनिटांनी उठावं, पुन्हा विचारावं, उरलेल्या वेळेचा टायमर लावून पुन्हा झोपावं.

काही जण उलटा मार्ग धरतात. विंडोजला सांगून ठेवतात की कुठलीही की दाबली गेली की मला कळव. याला हुक म्हणतात. आयडल वेळ मोजायला ही पद्धत मला अजिबात पटत नाही. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम नेमकं हेच करतात, त्यामुळे अँटिव्हायरस संशय घेतो आणि तो बरोबरच असतो. शिवाय हुकनं उत्तर द्यायला उशीर केला तर अख्ख्या संगणकाचं टायपिंग अडखळतं. शेवटची की कधी दाबली एवढंच हवं असताना कोणती दाबली हे ऐकायच्या जागी जाऊन बसू नये.

मॅकवर हाच हिशेब ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा ठेवतो, तोही नॅनोसेकंदांत. लिनक्सवर जुन्या एक्स विंडो पद्धतीत स्क्रीनसेव्हरसाठी केलेल्या विस्तारातून तो मिळतो. नव्या वेलँड पद्धतीत कुणीही यावं आणि आकडा विचारावा अशी मोकळीक नाही. ‘एवढा वेळ हालचाल झाली नाही तर मला सांगा’ अशी नोंद करायची आणि गप्प बसायचं. मला ही रचना जास्त सभ्य वाटते.

इथवरचं सगळं ‘संगणकाला कुणी हात लावला का’ या प्रश्नाबद्दल झालं. ‘माझ्या प्रोग्रॅमला कुणी हात लावला का’ हा प्रश्न वेगळा, आणि या दोहोंची गल्लत फार होते. पतपेढीच्या काउंटरवरचा कारकून एका खातेदाराची नोंद दुरुस्तीसाठी उघडतो. डेटाबेस ती नोंद त्याच्या नावे अडवून ठेवतो. तेवढ्यात मॅनेजर बोलावतात म्हणून तो त्याच संगणकावर एक्सेल उघडून व्याजाचा तक्ता करत बसतो. संगणकाच्या दृष्टीनं तो जागेवरच आहे, की दाबतोच आहे. पण खात्याची नोंद अर्धा तास अडकली आहे आणि दुसऱ्या काउंटरवर खातेदार ताटकळतो आहे. नोंद सोडवायची असेल तर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या खिडक्यांत येणारे इनपुट मोजायला हवेत. उलट, कारकून उठून गेला तर परक्याच्या हाती खाती लागू नयेत एवढाच हेतू असेल, तर अख्ख्या संगणकाची आयडल वेळ पाहावी. तो शेजारच्या खिडकीत काम करत असताना त्याला बाहेर काढणं म्हणजे निव्वळ छळ. कशासाठी मोजतो आहोत हे ठरल्याशिवाय काय मोजायचं हे ठरत नाही.

डॉटनेटमध्ये ‘ॲप्लिकेशन.आयडल’ नावाची एक घटना आहे. नाव पाहून नवे प्रोग्रॅमर हरखतात आणि लॉगआउटचा कोड तिला जोडतात. प्रोग्रॅम उघडल्या उघडल्या बंद होतो. कारण ही घटना आयडल माणसाबद्दल नसून आयडल प्रोग्रॅमबद्दल आहे. प्रोग्रॅमच्या रांगेतले सगळे निरोप हातावेगळे झाले की ती घडते, आणि वेगानं टाइप करणाऱ्याच्या दोन अक्षरांच्या मध्येही प्रोग्रॅमला तेवढी फुरसत मिळते.

विंडोजमध्ये पार्श्वभूमीत चालणाऱ्या सर्व्हिसची तऱ्हा आणखी वेगळी. गेटलास्टइनपुटइन्फो फक्त विचारणाऱ्याच्या स्वतःच्या सेशनपुरतं उत्तर देतं. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस शून्य क्रमांकाच्या वेगळ्या सेशनमध्ये कोंडल्या गेल्या आणि माणसाचं कीबोर्ड-माऊस असतं दुसऱ्याच सेशनमध्ये. सर्व्हिस कितीही वेळ विचारत बसली तरी माणसाचा पत्ता तिला लागत नाही. अशा वेळी माणसाच्या सेशनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम ठेवावा आणि त्यानं आतली खबर सर्व्हिसला पोचवावी, हा सरळ मार्ग.

आता अटारीच्या जॉयस्टिककडे परत वळायला हवं, कारण तिचे वंशज सगळीकडे आहेत. गेमपॅडवर खेळणाऱ्याची हालचाल विंडोज या हिशेबात धरत नाही. सिनेमा पाहणारा दोन दोन तास कीबोर्डला हात लावत नाही. म्हणून व्हिडिओ प्लेअर ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून ठेवतो की पडदा बंद करू नकोस. मॅकवर त्यासाठी ‘कॅफिनेट’ नावाची आज्ञाच आहे. पण असं सांगितल्यानं पडदा जागा राहतो, शेवटच्या इनपुटची वेळ बदलत नाही. आणि ज्याच्यासाठी कुठलाच प्रोग्रॅम रदबदली करत नाही, असा माणूस म्हणजे वाचणारा. छापखान्यातला मुद्रितशोधक पडद्यावरचं पान आणि हातातली मूळ प्रत ताडून पाहतो, खुणा कागदावर पेन्सिलीनं करतो. त्याचं सगळं लक्ष कामात आहे, आणि संगणकाच्या मते तो जागेवरच नाही.

तेव्हा मर्यादा किती मिनिटांची ठेवायची हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. तर्क चुकला तर नुकसान किती आणि कुणाचं, यावर तो ठरतो. पडदा मंद करण्यात चूक झाली, तर माऊस हलवला की संपलं. तिथे दोन मिनिटंही चालतील. कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणांसाठीचं पीसीआय मानक १५ मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर पुन्हा ओळख पटवायला लावतं. अमेरिकेतले आरोग्यनोंदींचे नियम आपोआप लॉगआउटची तरतूद सांगतात, पण मिनिटांचा आकडा सांगत नाहीत. आणि ते योग्यच आहे, कारण अपघात विभागातला संगणक आणि नोंदणी कक्षातला संगणक यांना एकच माप लावता येत नाही. अर्धवट भरलेला अर्ज पुसून माणसाला बाहेर काढणं ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक. वेबवरच्या मजकुरासाठी केलेल्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत यावर एक चांगली तोड आहे: वेळ संपण्याआधी सूचना द्या, स्पेसबार दाबण्याइतक्या साध्या कृतीनं मुदत वाढवता यावी, त्यासाठी निदान २० सेकंद द्या, आणि ही वाढ निदान दहादा मिळू द्या. डेस्कटॉपवर हे पाळायला काय हरकत आहे? वृद्धांना, हात थरथरणाऱ्यांना, सावकाश वाचणाऱ्यांना हे २० सेकंद फार मोलाचे असतात. आणि बाहेर काढायचंच असेल तर आधी मसुदा जपून ठेवावा.

या निरुपद्रवी दिसणाऱ्या आकड्यातून माणसाबद्दल बरंच काही गळतं, हे उशिरा लक्षात आलं. युनिक्समधल्या त्या टर्मिनलच्या फाइलवरची वेळ लिनक्समध्येही होती. त्याच यंत्रावरचा दुसरा वापरकर्ता त्या फाइलवर नजर ठेवून प्रत्येक की कधी दाबली जाते हे टिपू शकायचा, आणि त्यावरून पासवर्ड किती अक्षरांचा याचा अंदाज बांधता यायचा. २०१३ मध्ये ही फट बुजवण्यात आली. नोंदलेली वेळ आता मुद्दाम आठ आठ सेकंदांच्या टप्प्यांनी बदलते. माणूस आहे की गेला हे कळायला तेवढी अचूकता पुरते, बोटांची लय मात्र कळत नाही. २०२१ मध्ये क्रोम ब्राउझरनं वेबसाइटनाही आयडल वेळ विचारायची सोय दिली, तेव्हा वापरणाऱ्याची परवानगी सक्तीची केली आणि मर्यादा ६० सेकंदांपेक्षा कमी ठेवता येणार नाही असं बंधन घातलं. फायरफॉक्सची मोझिला आणि ॲपल या दोघांनीही या सोयीलाच विरोध केला. माणूस कधी जेवतो, कधी झोपतो, कधी उठतो हे कुठल्याशा वेबसाइटला कशाला कळायला हवं, असा त्या विरोधाचा रोख होता. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे.

कार्यालयांत मात्र हाच आकडा हजेरीपटावर जाऊन बसला. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये पाच मिनिटं हालचाल झाली नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. घरून काम सुरू झाल्यावर तो ठिपका साहेबाचा डोळा झाला आणि त्याला चुकवायला ‘माऊस जिगलर’ निघाले. त्यांतले काही यूएसबीमध्ये खोचायचे, ते स्वतःला माऊस म्हणवून घेतात. काहींत नुसती फिरती चकती असते, तिच्यावर खरा माऊस ठेवायचा. ऑपरेटिंग सिस्टिमला या हालचालीत आणि हाताच्या हालचालीत फरक दिसत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढल्याची बातमी जगभर गाजली. त्यांची फसवणूक समर्थनीय नाही. पण ज्या मापात चकतीवरचा माऊस कामसू ठरतो आणि विचार करत बसलेला माणूस कामचुकार, त्या मापावर कुणाचा पगार किंवा नोकरी ठरवू नये.

स्वतःचा आकडा पाहायची इच्छा असेल तर लिनक्सच्या एक्स विंडोवर ‘एक्सप्रिंटआयडल’ नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो मिलिसेकंदांत उत्तर देतो. नुसती आज्ञा देऊन एंटर दाबलं तर उत्तर नेहमी शून्याच्या जवळपास येईल, कारण ते एंटर हाच तुमचा शेवटचा इनपुट असतो. म्हणून त्याच ओळीत आज्ञेच्या आधी ‘स्लीप १०’ आणि अर्धविराम लिहा, एंटर दाबा आणि हात मांडीवर ठेवून बसा. दहा हजाराच्या आसपास आकडा दिसेल.